लेबलावरची एक ओळ: संप्रेरक न टोचलेल्या दुधाची अमेरिकेतील मागणी

जुलै २००३ मध्ये, गाईंचे दूध वाढवणारे संप्रेरक बनवून विकणाऱ्या मोन्सँटो या कंपनीने बॉस्टनच्या संघीय न्यायालयात ओकहर्स्ट डेअरीवर दावा दाखल केला. ओकहर्स्ट ही मेन राज्यातील पोर्टलंड शहरातली, १९२१ पासून एकाच कुटुंबाने चालवलेली डेअरी. तिची वर्षाची विक्री साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास होती, तर दावा लावणाऱ्या कंपनीची उलाढाल अब्जावधी डॉलरची होती. दुधात भेसळ झाली, वजनात मारले किंवा कोणाच्या जिवाला अपाय झाला, असा कोणताही आरोप त्या दाव्यात नव्हता. तक्रार होती ती दुधाच्या डब्यावरच्या एका ओळीबद्दल. 'आमच्या शेतकऱ्यांची प्रतिज्ञा: कृत्रिम वाढ-संप्रेरके नाहीत' अशा अर्थाची ती ओळ होती. ही ओळ वाचून ग्राहकाला वाटते की ज्या गाईंना संप्रेरक टोचले जाते त्यांचे दूध कमी प्रतीचे किंवा असुरक्षित आहे आणि त्यामुळे आपल्या मालाची बदनामी होते, असे कंपनीचे म्हणणे होते.

या एका ओळीमागे दहा वर्षांचा इतिहास होता आणि पुढच्या सात वर्षांत तिच्यामुळे अमेरिकेतील दुधाच्या बाजाराची घडी बदलली. ग्राहकाने विचारलेला प्रश्न एक आणि सरकारी यंत्रणेने दिलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे, असे झाले म्हणजे काय घडते, हे या प्रकरणातून फार स्पष्ट दिसते. त्यासाठीच ते मुळापासून पाहण्यासारखे आहे.

गोठ्यात काय होत होते

ज्या संप्रेरकाबद्दल हा वाद झाला ते मुळात गाईच्या अंगचेच आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ते स्रवते आणि त्याला बोव्हाइन सोमॅटोट्रोपिन, थोडक्यात बीएसटी, असे म्हणतात. कत्तल झालेल्या जनावरांच्या ग्रंथींचा अर्क दुभत्या गाईंना टोचला तर दूध वाढते, हे सोव्हिएत संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवून दिले होते. पण त्यासाठी इतक्या ग्रंथी गोळा कराव्या लागत की ही गोष्ट प्रयोगशाळेबाहेर जाणे शक्य नव्हते. गाईचे जनुक जिवाणूत बसवून त्याच्याकरवी हे प्रथिन हवे तितके बनवून घेण्याची युक्ती साधली तेव्हा चित्र पालटले. १९८२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील डेल बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रकारे तयार केलेल्या संप्रेरकाच्या गाईंवरील पहिल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कृत्रिम रूपाला आरबीएसटी हे नाव पडले आणि मोन्सँटोने ते 'पॉझिलॅक' या नावाने बाजारात आणले.

गाय व्याल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत तिचे दूध शिगेला पोहोचते आणि नंतर दिवसेंदिवस उतरू लागते. बीएसटी हा उतार मंद करते. खाल्लेल्या चाऱ्यातले पोषण शरीराच्या इतर भागांकडून कासेकडे वळवले जाते, कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी अधिक काळ काम करत राहतात आणि त्याच गाईकडून दहा ते पंधरा टक्के जास्त दूध मिळते. अर्थात हे दूध आकाशातून पडत नाही. गाईला त्या प्रमाणात जास्त खावे लागते आणि तिला पुरेसा, नीट तोललेला खुराक मिळाला नाही तर ती स्वतःचे अंग झिजवून दूध देते.

प्रत्यक्ष काम असे चाले. गव्हाणीवर माना अडकवून उभ्या केलेल्या गाईंच्या रांगेमागून एक माणूस आधीच भरून आलेल्या सुया घेऊन फिरे. प्रत्येक सुईत ५०० मिलिग्रॅम औषध असे. ते तिळाच्या तेलात मिसळलेले असल्यामुळे अंगात हळूहळू उतरत राही. खांद्यामागच्या सैल कातडीखाली किंवा शेपटीच्या मुळाशी असलेल्या खळग्यात सुई टोचायची आणि पुढच्या गाईकडे जायचे. टोचलेल्या जागी पुष्कळदा गाठ येई. व्याल्यानंतर नवव्या-दहाव्या आठवड्यात पहिली सुई दिली जाई आणि गाय आटेपर्यंत दर चौदा दिवसांनी पुढची. दहा महिन्यांच्या एका वेताचा हिशेब मांडला तर एका गाईच्या वाट्याला सतरा-अठरा सुया येतात. औषधासोबत येणाऱ्या माहितीपत्रकातच कासदाह होण्याचा, गाभण राहण्याचे प्रमाण घटण्याचा, पचन बिघडण्याचा आणि पायाचे सांधे सुजण्याचा धोका छापलेला होता. नंतर कॅनडातील पशुवैद्यकांच्या गटाने उपलब्ध चाचण्या एकत्र करून काढलेले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: कासदाहाचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी जास्त, गाय गाभण न राहण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आणि लंगडेपणाचा धोका सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त. कॅनडाच्या आरोग्य खात्याने जानेवारी १९९९ मध्ये या औषधाला परवानगी नाकारली ती माणसाच्या आरोग्याच्या मुद्द्यावर नाही, गाईच्या आरोग्याच्या मुद्द्यावर. युरोपीय संघानेही २००० सालापासून जनावरांच्या हिताचे कारण देऊन त्यावर कायमची बंदी घातली.

पेल्यातील दूध आणि गोठ्यातील गाय

अमेरिकेत मात्र अन्न व औषध प्रशासनाने ५ नोव्हेंबर १९९३ रोजी पॉझिलॅकला मंजुरी दिली आणि संसदेने घातलेली तात्पुरती स्थगिती उठल्यावर फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. प्रशासनाची बाजू कच्ची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बीएसटी हे प्रथिन आहे. दूध तापवून निर्जंतुक करताना त्याचा बहुतेक भाग नष्ट होतो आणि उरलेले पोटात इतर प्रथिनांसारखेच पचते. शिवाय गाईचे वाढ-संप्रेरक माणसाच्या शरीरात कामच करत नाही. वाढ खुंटलेल्या मुलांना ते टोचून पाहण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकात झाले होते आणि त्यांचा उपयोग झाला नव्हता. प्रश्न उरत होता तो आयजीएफ-१ या, पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या दुसऱ्या घटकाचा. हा घटक गाईत आणि माणसात अगदी सारखा असतो आणि सुई टोचलेल्या गाईच्या दुधात त्याचे प्रमाण थोडे वाढते. यावर प्रशासनाचे म्हणणे असे होते की माणसाच्या स्वतःच्या लाळेतून आणि पाचकरसांतून रोज जेवढे आयजीएफ-१ पोटात जाते, त्यापुढे दुधातली ही वाढ नगण्य आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनेही पुढे एकाहून अधिक वेळा हेच मत दिले.

म्हणून १० फेब्रुवारी १९९४ रोजी प्रशासनाने लेबलांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. 'संप्रेरकमुक्त दूध' असे लिहिता येणार नाही, कारण संप्रेरक नसलेले दूधच जगात नाही. 'आरबीएसटी न दिलेल्या गाईंचे दूध' असे लिहिता येईल, पण त्याच्या जोडीला दोन्ही प्रकारच्या दुधांत लक्षणीय फरक आढळलेला नाही, असे वाक्य घालणे योग्य ठरेल. पहिली सूचना मला पूर्णपणे रास्त वाटते. 'संप्रेरकमुक्त' हा शब्द खोटाच आहे आणि सप्टेंबर २००३ मध्ये तो वापरणाऱ्या चार दूध कंपन्यांना प्रशासनाने पत्रे पाठवून समज दिली, त्यात काही वावगे नव्हते.

खरी मेख दुसऱ्या सूचनेत आहे. पेल्यातील दूध तपासून प्रशासन म्हणत होते की फरक नाही. ग्राहक विचारत होता ते दुधाबद्दल तर होतेच, पण तेवढेच नव्हते. ज्या गाईच्या दुधावर माझे मूल वाढते तिला दर पंधरवड्याला सुई का टोचावी लागते, त्याने ती आजारी पडते का, तिच्या कासदाहावर प्रतिजैविके द्यावी लागतात का आणि हे सगळे कोणाच्या गरजेसाठी चालले आहे, असे त्याचे प्रश्न होते. शेवटचा प्रश्न तर अमेरिकेच्या बाबतीत अगदी टोचणारा होता, कारण तिथे दुधाचा तुटवडा कधीच नव्हता. दूध इतके जास्त होत होते की १९८६ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन गोठेच्या गोठे बंद करायला लावले आणि त्या योजनेत सुमारे पंधरा लाख जनावरे दुग्धव्यवसायातून काढून टाकली गेली. ही योजना ताजी असताना अधिक दूध देणाऱ्या सुईची गरज सामान्य माणसाच्या गळी उतरणे कठीणच होते. अशा वेळी 'दूध सुरक्षित आहे' हे उत्तर खरे असूनही अपुरे पडते. ज्याला उत्तर मिळाले नाही तो प्रश्न विचारत राहतो आणि त्या प्रश्नाला भीतीचा रंग चढत जातो, तसे इथेही झाले.

व्हरमाँट राज्याने या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न केला होता. तिथल्या कायद्याप्रमाणे सुई टोचलेल्या गाईंच्या दुधापासून बनलेला माल दुकानात निळ्या खुणेने ओळखू यावा, अशी सक्ती होती. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने ही सक्ती रोखून धरली. ग्राहकांचे केवळ कुतूहल, एवढ्या आधारावर राज्याला उत्पादकाकडून बळजबरीने विधान करवून घेता येणार नाही, असे बहुमताचे मत पडले. या निकालाचा परिणाम असा झाला की सुई वापरणाऱ्याने सांगण्याचे बंधन उरले नाही आणि न वापरणाऱ्यानेच 'आम्ही वापरत नाही' हे स्वखर्चाने सांगायचे, असा उलटा व्यवहार रूढ झाला.

ओकहर्स्टचा निर्णय आणि तडजोड

ओकहर्स्टने नेमके हेच केले. या डेअरीला दूध घालणारे शेतकरी आपण हे औषध वापरत नाही असे शपथपत्र देत आणि त्याबद्दल डेअरी त्यांना दरात थोडी वाढ देत असे. शपथपत्राचे महत्त्व इथे समजून घेतले पाहिजे. गाईचे स्वतःचे बीएसटी आणि सुईतले बीएसटी इतके मिळतेजुळते आहे की संकलनाच्या टाकीतले दूध तपासून ते कोणत्या गाईचे आहे हे सांगणारी नेहमीच्या वापरातली चाचणी नव्हती. फॅट मोजता येते, पाणी घातलेले पकडता येते, प्रतिजैविकाचा अंश शोधता येतो, पण सुई टोचली की नाही हे फक्त टोचणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे दुकानात ग्राहक जे जास्तीचे सेंट मोजत होता ते शेतकऱ्याच्या शब्दावरच्या विश्वासापोटी होते.

मोन्सँटोचा आक्षेपही या मुद्द्यावर बोट ठेवत होता: जे दुधात मोजताच येत नाही त्याचे श्रेय डब्यावर छापून दुसऱ्याचा माल कमी लेखायचा हे न्याय्य नाही. तर्क म्हणून हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. पण तो मान्य केला तर उत्पादनाच्या पद्धतीबद्दल कोणालाच काही सांगता येणार नाही आणि बाजारात फक्त प्रयोगशाळेला दिसणाऱ्या गुणांनाच किंमत राहील. एखाद्या डेअरीने आपण काय करत नाही हे खरेपणाने सांगणे आणि दुसऱ्यावर चिखल उडवणे यांत फरक आहे आणि ओकहर्स्टने ती मर्यादा ओलांडली होती असे मला वाटत नाही.

दावा निकालापर्यंत गेला नाही. डिसेंबर २००३ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. प्रतिज्ञा डब्यावर राहिली आणि कृत्रिम वाढ-संप्रेरके दिलेल्या गाईंच्या दुधात लक्षणीय फरक नसल्याचे अन्न व औषध प्रशासन सांगते, अशा आशयाचे वाक्य तिच्याबरोबर छापायचे ठरले. कागदावर ही तडजोड दोघांनाही सोयीची होती. व्यवहारात मात्र कंपनीने हात दाखवून अवलक्षण करून घेतले. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मेनसह अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांच्या बाहेर ज्यांनी ओकहर्स्टचे नावही ऐकले नव्हते त्यांच्यापर्यंत वर्तमानपत्रांतून ही बातमी गेली आणि आपल्या फ्रिजमधल्या डब्यावर अशी ओळ आहे का, हे लोक पाहू लागले.

मागणीचा जोर

योगायोगाने त्याच सुमारास औषधाचाच पुरवठा आटला. ऑस्ट्रियातील ज्या कारखान्यात ते तयार होई तिथल्या उत्पादनातील अडचणींमुळे २००४ च्या सुरुवातीला मोन्सँटोला अमेरिकेतील पुरवठा निम्म्यावर आणावा लागला. त्यामुळे अनेक शेतकऱ्यांवर सुईशिवाय गोठा चालवून पाहण्याची वेळ आपसूक आली. २००५ मध्ये ऑरेगनमधील टिलामुक या चीज बनवणाऱ्या सहकारी संस्थेत सभासदांनी मतदान घेतले आणि ८३ विरुद्ध ४३ मतांनी औषधावरील बंदी कायम ठेवली. हे मतदान मला विशेष बोलके वाटते, कारण इथे मत देणारे शहरातले ग्राहक नव्हते, स्वतः गाई पाळणारे लोक होते. त्यांतल्या त्रेचाळीस जणांना हे साधन हातचे सोडायचे नव्हते, हेही विसरता कामा नये.

यानंतर मोठे खरेदीदार एकामागून एक वळले. स्टारबक्सने २००७ संपता संपता आपल्या अमेरिकेतील स्वतःच्या दुकानांतून असे दूध बंद केले. क्रोगर या किराणा साखळीने फेब्रुवारी २००८ पर्यंतची मुदत जाहीर केली. मार्च २००८ मध्ये वॉलमार्टने आपल्या स्वतःच्या छापाचे दूध यापुढे आरबीएसटी न दिलेल्या गाईंचेच असेल असे सांगितले, तेव्हा हा विषय मूठभर जागरूक ग्राहकांचा राहिला नाही. स्वस्तात स्वस्त दूध विकणाऱ्या दुकानाने तीच अट घातल्यावर ती अट बाजाराची झाली.

कंपनीने प्रतिकार केला. २००७ च्या सुरुवातीला तिने अन्न व औषध प्रशासन आणि संघीय व्यापार आयोग या दोघांकडे अशा लेबलांविरुद्ध कारवाईची मागणी केली, पण आयोगाने औपचारिक कारवाईची गरज नसल्याचे ऑगस्टमध्ये कळवले. मग लढाई राज्यांत गेली. पेनसिल्व्हेनियाच्या कृषी खात्याने ऑक्टोबर २००७ मध्ये अशा लेबलांवर बंदी जाहीर केली. त्यावर ग्राहकांचा इतका रोष झाला की जानेवारी २००८ मध्ये राज्यपाल एड रेंडेल यांनी ती मागे घेतली. ओहायोने कडक नियम केले आणि दूध उद्योगाच्याच संघटनेने सेंद्रिय व्यापाऱ्यांच्या संघटनेसह त्या नियमांना आव्हान दिले. ३० सप्टेंबर २०१० रोजी, ओहायो ज्यात येते त्या सहाव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने दिलेल्या निकालात एक गोष्ट फार महत्त्वाची होती. दोन्ही दुधांत घटकांच्या बाबतीत फरकच नाही, हे राज्याचे गृहीतक न्यायालयाने स्वीकारले नाही. आयजीएफ-१ चे वाढलेले प्रमाण, वेताच्या काही काळात दुधाचा उतरणारा पोषक दर्जा आणि कासेच्या सुजेबरोबर वाढणारी दुधातील पेशींची संख्या, या तीन गोष्टींचा न्यायालयाने उल्लेख केला. दूध पिणाऱ्याला त्याने अपाय होतो असे न्यायालयाने म्हटले नाही. फरक आहे आणि तो सांगण्याला सरसकट मनाई करता येणार नाही, एवढेच म्हटले. 'फरक नाही' या ज्या वाक्यावर इतकी वर्षे सगळा युक्तिवाद उभा होता, त्याचा पाया इथे पहिल्यांदा खचला.

तोवर मोन्सँटो या व्यवसायातून बाहेर पडलीही होती. ऑगस्ट २००८ मध्ये तिने पॉझिलॅक एलाय लिली कंपनीच्या एलान्को या पशुऔषध विभागाला ३० कोटी डॉलर आणि पुढील काही रकमा अशा बोलीवर विकले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीनुसार २००२ मध्ये सुमारे २२ टक्के दुभत्या गाईंना हे औषध दिले जात होते. २००७ मध्ये हे प्रमाण १७.२ टक्के झाले आणि २०१४ मध्ये १४.७ टक्के.

किंमत कोणी मोजली

या सगळ्या हिशेबात शेतकऱ्याचे काय झाले, याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिले आणि मला ही या प्रकरणातली सर्वांत खटकणारी बाजू वाटते. सुई सोडणारा शेतकरी त्याच गाईमागे मिळणारे दहा-पंधरा टक्के दूध सोडतो. खुराक आणि औषध यांवरचा खर्च वाचतो हे खरे, पण गोठ्याचे कर्ज, मजुरी आणि दूध काढण्याच्या यंत्रांचा खर्च कमी होत नाही. ओकहर्स्टसारखी डेअरी त्याबद्दल वाढीव दर देत होती, कारण तिचे दूध दुकानातल्या इतर दुधापेक्षा वेगळे म्हणून विकले जात होते. वॉलमार्ट आणि क्रोगर यांनी तीच अट सगळ्या दुधाला लावल्यावर ते वेगळेपण संपले आणि वाढीव दर मागण्याचे कारणही त्याबरोबर गेले. शपथपत्र द्यायचे की नाही हा आधी शेतकऱ्याच्या निवडीचा विषय होता. नंतर तो दूध घेतले जाण्याच्या अटीचा झाला.

औषधाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा होता आणि तो टाळून हा अभ्यास पुरा होणार नाही. २००८ मध्ये बाउमन यांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासात असा हिशेब मांडला गेला की दहा लाख गाईंना हे औषध दिले तर तेवढेच दूध सुमारे १ लाख ५७ हजार कमी गाईंकडून मिळेल, म्हणजे चारा, जमीन, शेण आणि हरितगृह वायू या सगळ्यांत बचत होईल. या अभ्यासाच्या लेखकांत मोन्सँटोशी संबंधित संशोधकही होते. पण त्यामुळे हिशेब आपोआप चुकीचा ठरत नाही. अडचण अशी की गाय वारंवार आजारी पडली, गाभण राहिली नाही किंवा लंगडी होऊन लवकर कळपातून काढावी लागली, तर तिच्या जागी येणारी कालवड दोन वर्षे वाढवण्याचा खर्च आणि चारा या बचतीतून वजा होतो. तो किती, हे गोठ्यागोठ्यावर अवलंबून आहे. उत्तम व्यवस्थापनाच्या गोठ्यात तो नगण्य असेल, ढिसाळ गोठ्यात सगळी बचत त्यातच जाईल.

ओकहर्स्ट डेअरी जानेवारी २०१४ मध्ये देशातील मोठ्या दूध सहकारी संस्थेने, डेअरी फार्मर्स ऑफ अमेरिकाने, विकत घेतली. जी तडजोड एका छोट्या डेअरीने खटला मिटवण्यासाठी केली होती, तिचेच रूप नंतर देशभरच्या डब्यांवर दिसू लागले: वर ठळक अक्षरांत सुई न टोचलेल्या गाईंची ग्वाही, तिच्या शेवटी एक बारीकशी चांदणी आणि डब्याच्या कडेला, चष्मा लावून वाचावे लागेल इतक्या लहान अक्षरांत, अन्न व औषध प्रशासनाचे ते १९९४ सालचे वाक्य.